वहीतलं अकरावं नाव

विश्राम पोवारला मी नऊ वर्षांत एकदाही धावताना पाहिलं नाही, आणि तो पोरांना फुटबॉल शिकवायचा. डोक्याला मळकी लोकरीची टोपी, गळ्यात शिट्टी, काखेत वही. मैदानाच्या कडेला असा उभा राहायचा की नव्या माणसाला वाटावं, हा गवत कापायला आलाय. तसं त्याचं कॉलेजातलं काम गवताच्या जवळपासचंच म्हणा. नळ, दिवे, कुलपं, दारांच्या बिजागऱ्या. पगार त्याचा. फुटबॉल चोवीस वर्षं फुकट.

मेलबर्नात फुटबॉल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे खारकेसारखा लांबट चेंडू येतो. विश्रामचा चेंडू गोल, आमच्या कोल्हापूरचा. आमच्या गावात पेठापेठांच्या टीमा असतात आणि मॅचच्या दिवशी एका घरातले दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. हा त्यातलाच. शिकायला म्हणून इथे आला, शिकला, गावाकडून बायको आणली. ती दोन हिवाळे काढून परत गेली. "थंडीला कंटाळली बघा मावशी," असं तो सांगायचा. माझं मत विचाराल तर ती रविवारला कंटाळली.

आमचं घर ग्लेन वेव्हर्लीत, कॉलेजच्या मैदानामागच्या गल्लीत. माझा यतिन शिकायला आला तेव्हा विश्रामच्याच टीमात खेळला. आता चाळिशीला टेकलाय, पोट सुटलंय, तरी क्लबचा सेक्रेटरी आहे. यजमान गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आले आणि दर रविवारी माझी घडीची खुर्ची मैदानावर जायला लागली. मी चौथी पास. इंग्रजी येत नाही. पण चेंडू कुणी कुणाला द्यायला हवा होता हे कळायला इंग्रजी लागत नाही.

विश्रामची एक रीत होती. सरावाआधी तो हजेरी घ्यायचा, शाळेत घेतात तशी. पोरांनी ओळीत उभं राहायचं आणि नाव आलं की 'हजर' म्हणायचं. 'येस कोच' चालायचं नाही. व्हिएतनामचा पोरगा असो, श्रीलंकेचा असो, नाहीतर ताडासारखा गोरा असो, सगळे 'हजर'. गोऱ्यांचं ते 'हाजाऽ' ऐकून मी पदरात तोंड लपवून हसायची.

दहा नावं झाली की अकरावं यायचं. कुमार.

त्याला कुणी ओ द्यायचं नाही. विश्राम वहीतून डोकं वर काढायचा आणि एक श्वास आत जाऊन बाहेर येईल एवढा वेळ थांबायचा. पोरं आपापल्या बुटांकडे बघायची. मग पेन न टेकवता तो बारावं नाव घ्यायचा.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा यतिनला विचारलं होतं, "हा कुमार रोजच दांडी मारतो का रे?"

यतिन घरी येऊन बूट काढताना, माझ्याकडे पाठ करून म्हणाला, "कुमार माझा रूममेट होता, आई."

कुमार साताऱ्याकडचा. रात्री पेट्रोल पंपावर शिफ्ट करायचा, दिवसा कॉलेज. एका शनिवारची शिफ्ट संपवून सकाळी त्याने विश्रामला फोन केला, सर, आज नको, डोळे मिटतायत. विश्राम म्हणाला, "ये रे, हजेरी तर लाव, मग झोप." मॅच मोठी होती आणि गोल मारणारा तो एकच. कुमार गाडी काढून निघाला. वाटेत एका वळणावर झाड होतं.

त्या सकाळी विश्रामच्या वहीत कुमारच्या नावापुढे ना हजर पडलं ना गैरहजर. दरवर्षी नवी वही आली, पोरं आली, गेली, अकरावी ओळ तशीच राहिली. क्लबातल्या कुणीतरी एकदा म्हटलं होतं म्हणे, सर, आता गैरहजर लिहून टाका. विश्राम म्हणाला, "गैरहजर कसं लिहू? निघाला तर होता."

याला एकोणीस वर्षं झाली होती.

आता खरी गोष्ट सांगते. टीम चार वर्षं हरत होती. हरत म्हणजे अशी की समोरच्या टीमला शेवटी शेवटी लाज वाटायची. आमचे फॅन म्हणजे दुसरे कोण, जुने खेळाडू, त्यांच्या बायका, पोरं आणि माझ्यासारखी दोन-चार म्हातारी खोडं. खेळाडू सगळे विश्रामच्या हाताखालून गेलेले. कुणाला त्याने पहिल्या आठवड्यात घरी झोपायला जागा दिली होती, कुणाला नोकरी लावून दिली होती. आणि तीच माणसं आता कुंपणापाशी उभी राहून कुजबुजायची, सरांनी आता थांबावं.

यतिनबरोबर खेळलेला अजित सगळ्यांत पुढे. "काकू, सर देव आहेत. पण देवाने देव्हाऱ्यात बसावं. मिडफिल्डचं त्याला काय विचारायचं?"

"मग नैवेद्य तरी दाखवत जा. मागच्या रविवारी पोहे आणलेस ते सगळे तूच खाल्लेस," मी म्हटलं.

हाच अजित विश्रामच्या हर्नियाच्या ऑपरेशनला रडला होता. आमच्या यतिनचं तर वेगळंच. सकाळी दात घासताना म्हणायचा, "सरांना काढायचं म्हणजे पाप आहे." संध्याकाळी ऑफिसातून आला की म्हणायचा, "पण किती दिवस चालवायचं?" सरांच्या जागी यायला स्वप्निल नावाचा एक जण तयार होता. तोही विश्रामचाच चेला, बत्तीस वर्षांचा, कोचिंगचं रीतसर लायसन्स असलेला. पण तो म्हणायचा, "सर स्वतः म्हणाले तरच." म्हणजे सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले होते.

आणि एक तक्रार हळूच व्हायची. ते अकरावं नाव. नवी पोरं बिचकतात म्हणे. एक जण तर दुसऱ्या क्लबात गेला. 'डेड गाय' नको म्हणाला, म्हणजे मेलेला माणूस.

तेवढ्यात करोना आला. मार्चात मॅचेस थांबल्या. मध्ये थोडं सुटल्यासारखं झालं आणि इथल्या ऐन हिवाळ्यात, जुलै-ऑगस्टात, शहराला कुलूपच लागलं. दिवसातून एक तास बाहेर पडायचं, पाच किलोमीटरच्या आत, तोंड बांधून. मुलांच्या बागेतले झोपाळे पट्ट्या लावून बांधून टाकले. बास्केटबॉलच्या खांबांवरच्या रिंगा काढून नेल्या, नुसते खांब राहिले. रस्ते इतके गप्प की तीन घरं पलीकडे भांडं पडलं तरी ऐकू यायचं. आणि ते पडल्यावर कुणी कुणाला ओरडायचं नाही, याचीच जास्त भीती वाटायची.

माझा एक तास मी साडेपाचला घ्यायची. ऑगस्टात त्या वेळी इथे ऊन निघून जातं आणि अंधार अजून आलेला नसतो. मैदानाला एक फेरी मारून परत यायचं, एवढंच.

एके दिवशी पाहिलं, विश्राम कडेला उभा. समोर नारिंगी कोनांची रांग लावलेली. मैदानावर दुसरं चिटपाखरू नाही. चेंडूसुद्धा नाही. त्याने वही उघडली आणि नाव घेतलं. मग 'हजर' म्हणायला लागेल एवढी जागा सोडली आणि पेन टेकवलं. दुसरं नाव. जागा. पेन. अशी दहा. अकराव्याला डोकं वर काढलं, थांबला, पेन न टेकवता बारावं घेतलं.

मग शिट्टी वाजवून सराव सुरू केला. मान डावीकडे वळायची, उजवीकडे वळायची, जसं कुणी चेंडू खेळवतंय. "पास दे! अरे दे की पास!" ओरडायचा. मैदानात मॅगपाय पक्षी उतरले होते. त्याची मान जिकडे वळायची तिकडचे पक्षी भुर्रकन उडायचे. मी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा बघायला नको म्हणून घरी आले.

मनाला समजावलं. एकटा माणूस आहे, करमत नसेल. मी नाही यजमानांच्या फोटोशी बोलत? ते तर हयातीतही उत्तर द्यायचे नाहीत. पण दुसऱ्या दिवशी साडेपाच झाले आणि पाय मैदानाकडेच वळले. असे तीन आठवडे गेले. मी झाडापाशी उभी राहायची, तो हात वर करायचा, आणि हजेरी सुरू व्हायची. घरी मी कुणाला सांगितलं नाही.

एक दिवस धुकं होतं. पलीकडचा गोल दिसत नव्हता. त्या दिवशी पक्षीही नव्हते. विश्राम नावं वाचत गेला. नाव, जागा, पेन. दहावं झालं.

"कुमार."

"हजर."

आवाज मोठा नव्हता. भरल्या झोपेतून उठवलेलं पोर शाळेला निघताना बोलतं तसा. मैदानाच्या मधून आला, जिथे ओळीत अकरावा माणूस उभा राहतो तिथून. विश्रामचं पेन हवेत राहिलं. माझ्या तोंडावरच्या मास्कला आतून घाम सुटला.

मी मागे वळून न बघता घरी आले. लहानपणी आईने शिकवलं होतं, तिन्हीसांजेला बाहेरून एकच हाक आली तर ओ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेला द्यायची, कारण माणूस तीनदा हाक मारतो, ते दुसरं एकदाच मारतं. पण इथे उलटं झालं होतं. हाक जिवंत माणसाची होती आणि ओ दुसरीकडची. त्याला काय करायचं हे आईने सांगितलं नव्हतं. ज्या बावीस पोरांनी ओ द्यायची ती घराघरात कोंडलेली, आणि एकोणीस वर्षं जो गप्प होता त्याने दिली.

दुसऱ्या दिवशी मी हजेरीच्या आधीच गेले. विश्राम दीड मीटर लांब उभा राहिला.

"काल ऐकलासा न्हवं?" त्याने विचारलं.

"माझे कान जुने झालेत, बाबा."

"म्हणून तर ऐकू आलं. मावशी, कालची तिसरी खेप. पहिल्या दोन येळेला तुम्ही न्हवतासा. आधी वाटलं, आपलं डोकं फिरलं. काल तुमचा चेहरा बघितला आणि बरं वाटलं."

"तुला बरं वाटलं! मी रात्रभर दिवा लावून बसले. तिन्हीसांजेला गेलेल्या पोराचं नाव घेतोस, वर ओ आली की मोजत बसतोस?"

"एकोणीस वर्षं घेत आलोय. तेव्हा कधी आली न्हाई."

"तेव्हा बावीस पोरं कालवा करत होती. दमलेल्या पोराचा आवाज त्यात कुठला ऐकू येतोय?"

मी आपलं बोलायचं म्हणून बोलले, आणि बोलून झाल्यावर माझ्याच अंगावर काटा आला. म्हणजे तो तेव्हाही म्हणत होता की काय? दर रविवारी, मी खुर्चीत बसून चहा पीत असताना?

विश्रामने वही काखेतून काढून छातीशी धरली. "मला काढणार हायत, मावशी. ठाऊक हाय मला. काढू देत. टीम काय, कुणीबी चालवंल. पण नवा मास्तर हे नाव वाचणार न्हाई. मग हा येणार, ओळीत उभा राहणार, आणि ह्याचं नाव कुणी घेणारच न्हाई. किती येळ उभा राहील वो? आधीच जागरणाचा."

मी म्हटलं, "गार वारा सुटलाय, कानटोपी नीट ओढ," आणि घरी आले.

त्याच आठवड्यात यतिनने मला स्वयंपाकघरात गाठलं. शनिवारी दुपारी क्लबची मीटिंग ठरली होती, कॉम्प्युटरवर, मत द्यायचं होतं.

"आई, तू रोज मैदानावरून जातेस. सर तिथे एकटेच बडबडतात म्हणे. खरं का?"

"एकटा नसतो."

"म्हणजे?"

"मी असते ना."

"तसं नाही गं. सर ठीक आहेत ना डोक्याने?"

"नसले तर काय करशील?"

तो टेबलावरची कोथिंबीर उगीच निवडायला लागला. जन्मात कधी निवडली नव्हती. "नसले तर मत द्यायला सोपं जाईल."

"सोपं हवंय होय तुला? ज्याच्या घरी पहिली थंडी काढलीस, त्याला वेडा म्हणून घालवलं की सोपं?"

"मला सर नको आहेत असं नाही, आई. मला ते नाव नकोय." त्याने कोथिंबिरीची जुडी बाजूला सारली. "मी त्याला पंपावर घ्यायला जाणार होतो त्या दिवशी. उशीर झाला म्हणून परस्पर मैदानावर गेलो. म्हटलं, येईल आपला आपला. दर रविवारी सर ते नाव घेतात आणि मला वाटतं, आता माझ्याकडे बघतील. कधी बघितलं नाही त्यांनी. बघितलं असतं तर बरं झालं असतं."

एकोणीस वर्षांत त्याने हे मला सांगितलं नव्हतं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मैदानावर मी काय ऐकलं ते मात्र सांगितलं नाही. पोरगा रविवारचा विश्रामच्या नजरेला भीत होता, त्याच्या डोक्यावर आणखी ते कुठे घालू?

शनिवारी जेवणं झाल्यावर यतिनने हॉलमध्ये मीटिंग लावली. टीव्हीवर चौकोन चौकोन आणि चौकोनात माणसं, खुराड्यासारखी. सून म्हणाली, एकेचाळीस आहेत. यतिन म्हणाला, चाळीस. एक चौकोन काळाच होता, खाली नाव नाही. "कुणाचा तरी टॅबलेट असेल," यतिन म्हणाला आणि पुढे गेला. मी काळ्या चौकोनाकडे बघायचं टाळलं.

अजित हातवारे करून पाच मिनिटं बोलला. त्याचा आवाजच बंद होता. "अज्या, अनम्यूट कर!" सगळे ओरडले. त्याने आवाज सुरू केला आणि म्हणाला, "म्हणून मला वाटतं, जड अंतःकरणाने..."

"थांब रे अजित," विश्राम म्हणाला. त्याच्या चौकोनात अर्धीच टोपी आणि एक डोळा दिसत होता. "हात वर करायची गरज नाही कुणाला. मी सोडतोय. स्वप्निल, उद्यापासून तू. माझी वही मागू नकोस, नवी घाल. जिवंत माणसांची नावं घाल."

ज्यांना विश्राम नको होता ते रडायला लागले, आणि ज्यांना तो हवा होता ते चिडले. अजित दोन्ही करत होता. "सर, असं कसं? आम्हाला विचारलं पण नाही!"

"मघाशी काय म्हणत होतास रे?" कुणीतरी विचारलं.

"मघाशी वेगळं होतं!"

यतिन माझ्या शेजारी बसला होता. त्याला हवं ते झालं होतं आणि त्याचा चेहरा असा, की घरातलं कुणी न सांगता निघून गेलंय.

नोव्हेंबरात दारं उघडली. अंगाला अंग न लावता सराव करायची परवानगी मिळाली. पहिल्या दिवशी सगळे फॅन कुंपणाला लागून उभे, प्रत्येकाच्या मध्ये दीड मीटर जागा. स्वप्निलने मोबाइलवरून नावं वाचली. पोरं 'हिअर' म्हणाली, 'येस कोच' म्हणाली, एक जण नुसतंच 'याऽ' म्हणाला. अकराव्या जागी एक नेपाळी पोरगा होता, तो 'हिअर' म्हणाला आणि बारावं नाव आलं. मध्ये काही थांबलं नाही.

सराव छान झाला. पोरं हरणासारखी पळत होती. फॅननी टाळ्या वाजवल्या, आणि टाळी वाजवताना प्रत्येक जण हळूच विश्रामच्या जागेकडे बघत होता. तिथे गवताला पावलांएवढं टक्कल पडलेलं. त्यावर कुणी उभं राहिलं नाही. स्वप्निलसुद्धा वळसा घालून गेला.

"आई," यतिन म्हणाला, "काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं ना?"

"तुलाच नको होतं."

"हो," तो म्हणाला. आणि तरी कान लावून उभा राहिला.

विश्राम शेवटी शेवटी आला. कुंपणाबाहेर पाच मिनिटं थांबून बघितलं. पोरांनी त्याला गराडा घालायच्या आत मला म्हणाला, "चला मावशी, गुडघं दुखत असतील. सोडतो घरापर्यंत."

गाडीकडे जाताना मी विचारलं, "विश्राम, खरं सांग. त्या नावासाठी तू जीव धरून बसला होतास. मग मीटिंगमध्ये एकदम कसं सोडलंस?"

"आदल्या दिवशी मी नाव घेतलंच न्हाई, मावशी. वही उघडायच्या आधीच म्हणाला, हजर. घरात. चहा गाळत होतो मी." तो बोलताना हसला, आणि चोवीस वर्षांचा शीण उतरल्यासारखं त्याचं तोंड दिसलं. "मग मैदान कशाला पायजे? टीम कशाला? म्हटलं, देऊन टाकू पोरांची पोरांना."

मी पुढच्या दाराला हात घातला. त्याने घाईने मागचं उघडलं. "मागं बसा की. माझ्या पाठीमागं. ऐसपैस बसता येईल."

मी मागे बसले. पुढची डावीकडची सीट पार आडवी केलेली होती, आणि तिचा पट्टा लावलेला होता. विश्रामने गाडी अशी हळू काढली की मागचा माणूस हॉर्न वाजवून पुढे गेला. मैदानाला वळसा घालताना प्रत्येक वळणावर तर तो जवळजवळ थांबायचा.

मला विचारायचं होतं. तोंड उघडलं तसं त्याने आरशातून माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

"आत्ता डोळा लागलाय," तो पुटपुटला.

मी घर येईपर्यंत बोलले नाही. उतरल्यावर दारही हळू लावलं.